न उघडलेली छत्री

विमानातून सरावाची उडी घेताना जवानाची छत्री उघडलीच नाही. कोवळा पोरगा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मैदानावर आदळला आणि जागीच गेला.

लढाई दूर सीमेवर होती. इथल्या तळावर महिला तुकडीच्या मुली पॅराशूटच्या घड्या घालत. ही घडी जिची, तिला सगळे चिमणी म्हणत. तिला लगेच कोठडीत टाकलं.

तपासाला आलेल्या कॅप्टनबाई आधी तिलाच भेटल्या.

"घडी चुकली?"

"नाही, बाई. माझा भाऊही उड्या मारतो. प्रत्येक छत्री त्याचीच समजून बांधते मी."

"कापड ओलं होतं?"

"ओलं कापड आम्ही टेबलावर घेतच नाही."

कॅप्टनबाईंनी छत्री तपासली. घड्या सरळ, नेटक्या. पण रेशीम एकमेकांना चिकटलेलं, खालून हिरवट बुरशी. वास कुबट.

बांधलेल्या छत्र्या ठेवायचं कोठार मेजरसाहेबांच्या ताब्यात होतं.

"पोरींना असली कामं दिली की हेच होणार," ते म्हणाले. "माफ करा, जरा थकलोय. घरी रंगकाम होतं, कालच उरकलं."

कोठार कोरडं ठणठणीत होतं. फरशीवर मात्र ताजे ओरखडे, आणि फळीच्या खिळ्याला तांबड्या मखमलीची चिंधी. मागची पत्र्याची शेड गळत होती.

कॅप्टनबाई मेजरच्या घरी जाऊन आल्या. मग चिमणीला बोलावून सगळ्यांसमोर बोलल्या.

"ओल्या कापडाला इतक्या सरळ घड्या पडत नाहीत. म्हणजे छत्री बांधल्यावर भिजली. कोठारात पाण्याचा थेंब नाही, म्हणजे भिजली शेडमध्ये. तिथे कोण नेणार? कोठाराची किल्ली एकट्या मेजरसाहेबांकडे. रंगकाम संपेपर्यंत त्यांनी घरचा सोफा कोठारात ठेवला आणि छत्र्या शेडमध्ये ढकलल्या. काल सोफा घरी गेला, छत्र्या परत आल्या. सोफ्याची मखमल फाटलीय. चिंधी तिथे बरोबर बसते."

मेजर उसळले, "अहो, मग काय बाहेर भिजत ठेवायचा होता? चांगला महागाचा सोफा आहे!"

त्या पोराचं नावही या माणसाच्या तोंडी आलं नव्हतं. कॅप्टनबाईंना त्याच्याकडे बघवेना.

"न्या याला," त्या पहारेकऱ्यांना म्हणाल्या.

चिमणी भिंतीला टेकून उभी होती. सुटल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

"बाई, त्याच्या आईला कुणी कळवलं?"

"अजून नाही. मी निघालेय."

"मीही येते," चिमणी म्हणाली, आणि टोपी उचलून त्यांच्या आधी दाराबाहेर पडली.