दोरावरचा दाब

बीडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी धातूंची आणि धाग्यांची ताकद मोजतो. आकडा दिसल्याशिवाय मी चहातली साखरही मान्य करत नाही, असं बायको म्हणते.

दुष्काळाच्या त्या मे महिन्यात वडवणीकडच्या एका पाणी सहकारी संस्थेचे चेअरमन मोहनराव पिवळा दोर घेऊन आले. अॅरामिडचा, पोलादी तारेहून बळकट. संस्थेची विहीर खोल करायला याच दोराने बंकट यारीवरून, म्हणजे काठावरच्या इंजिनाच्या क्रेनवरून, उतरला होता. वर आला तो नुसता कमरेचा पट्टा.

"बकल लावलेलंच हाय, सर. विहिरीत थेंब न्हाई, कपार न्हाई. त्याचा भाऊ तात्याबा हुडकायला उतरतो म्हनतोय. तुमी फकस्त दोराचं सांगा."

मी दोराचा एक तुकडा कापून यंत्रात ताणला. नव्यासारखा निघाला. 'वापरण्यास योग्य' लिहून सही केली आणि दोर परत दिला. दोर ओढूनच तपासतात; दाबून कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला तुकडा सहज सूक्ष्मदर्शकाखाली धरला. धाग्याधाग्यावर तिरप्या घड्या होत्या. ओढीला हा धागा हार जात नाही, पण लांबीच्या दिशेनं दाब आला की अशा घड्या पडतात. कप्पीवर वाकूनही पडतात, पण एकाच बाजूला. इथे चहूबाजूंनी होत्या. म्हणजे लोंबता दोर कुणीतरी खालून वर रेटला होता. आणि दोर तर रेटता येत नाही, दुमडतो.

मोहनरावांचा फोन लागेना. गाडी काढली.

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तात्याबा उतरला होता. माणसं यारीमागच्या सावलीत बसली होती. बंकटची बायको भामाबाई एकटी काठावर, दोरावर तळहात ठेवून उभी होती. खालची खूण घरच्याच माणसानं घ्यायची, ही तिथली रीत. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे वर घ्या.

मी वाकून पाहिलं. तळापर्यंत ऊन होतं. कोरडा मुरूम, टिकाव, टोपलं. दोराच्या टोकाला पट्टा, बकल लावलेलं.

माझ्या सहीनं माणूस गेला होता.

"दोन हिसके आले आत्ताच," भामाबाई म्हणाली. "पन..."

"पण काय?"

"खाली न्हाई वढलं. वर ढकललं."

दोर वर सरकू लागला. ताठ, सरळ.

भामाबाईच्या तोंडावर हसू आलं. "येतेत," ती म्हणाली. "दोघंबी."

यारीचं इंजिन अजून कुणी सुरू केलं नव्हतं.