चार पानं जास्त

तिमिरबरणचं पुस्तक बंगाली नववर्षाला बाजारात आलं आणि उत्तर कोलकात्यातली त्याची अख्खी गल्ली ते विकत घेऊन वाचायला बसली. वाचायला म्हणजे, आपापलं पान शोधायला.

"बुबाई, मी काट्यावर अंगठा ठेवतो असं लिहिलंस?" मिठाईवाला घोषालदा भरल्या दुकानात कडाडला. "साफ खोटं! मी कोपर ठेवतो."

गल्लीत तिमिरबरण सगळ्यांचा बुबाईच. मुखपृष्ठावरचं भारदस्त नाव छापखान्याच्या मालकाचं असावं, असं घोषालदाला वाटलं होतं.

पुस्तकातून कोणी सुटलं नव्हतं. कानतुट्या मांजरालाही दीड पान होतं. सुटली होती फक्त दीदी, आईवडील गेल्यावर बुबाईला वाढवणारी, त्याच्यापायी लग्न न केलेली.

त्याचं असं झालं. कॉलेज स्ट्रीटचे प्रकाशक कुंडूबाबू म्हणाले, "अकरा फर्मे भरून चार पानं वर जातायत. चार पानांसाठी सोळा पानांचा नवा फर्मा छापू? उरलेल्या बारा पानांवर लोकांनी काय धोब्याचा हिशोब लिहायचा?" दीदीची पानं बरोब्बर चार होती.

"काढ की," दीदी म्हणाली. "माझ्यात वाचण्यासारखं आहे काय?"

आधी मासेवाला चुकला. दीदी पुढे उभी असताना त्याने मागच्या बाईला इलिश तोलून दिला. मग मोलकरीण दीदीच्या पावलांवरून ओलं फडकं फिरवून पुढे सरकली. बुबाई कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. मासेवाल्याला मोतीबिंदू, मोलकरणीला घाई. कारणं सापडत होती.

विजयादशमीला, देवीचं विसर्जन आटोपल्यावर, गल्ली थोरांच्या पाया पडत घरोघर फिरते. दीदी नारळाचे लाडू वळून, नवी साडी नेसून खुर्चीत बसली. लोक आले, लाडू उचलले, बुबाईला मिठ्या मारल्या. पाया कोणी पडलं नाही. शेवटी घोषालदा आला आणि धापा टाकत खुर्चीत बसला.

दीदी खुर्चीतच होती.

"एकटा जीव, आणि लाडू एवढे?" घोषालदा म्हणाला. "लग्न कर रे बाबा." मग त्याने तीन लाडू खाल्ले. निवांत.

"बुबाई," खुर्चीतून बारीक आवाज आला, "उठव रे ह्याला. जड आहे."

सकाळी उठून बुबाईने कॉलेज स्ट्रीट गाठला. दुसरी आवृत्ती छपाईला निघालीच होती.

"दीदीला घाला. घोषालला काढा. त्याचीही चारच पानं आहेत."

"मिठाई उधार देत नाही वाटतं?" कुंडूबाबू हसले.

"कुंडूबाबू, माझी बहीण आहे ती."

"अहो, घातली समजा!"

भाईफोंट्याच्या, म्हणजे बंगाली भाऊबिजेच्या, सकाळी हमालाने नव्या प्रतींचा गठ्ठा दारात टाकला. बुबाईने उभ्याउभ्याच दोरी तोडली. पुस्तकात दीदी होती. घोषालही होता. बुबाईने कुंडूबाबूंना फोन लावला.

"घोषालला कसं काढणार?" कुंडूबाबू म्हणाले. "त्याच्यासाठीच तर लोक पुस्तक घेतात. तुमचं 'माझ्याविषयी' हे प्रकरण काढलं. तीही चारच पानं. आणि राग मानू नका, भलतीच कंटाळवाणी. हॅलो? कोण बोलतंय?"

"मी बुबाई!"

"हॅलो? कोणी बोलतच नाही."

आत दीदी न्हाऊन, उपाशीपोटी, चंदनाची वाटी घेऊन बसली होती. मोलकरणीने तिला विचारून फडकं मारलं. घोषालदा संदेश मिठाई घेऊन आला आणि चक्क तिच्या पाया पडला. बुबाई भिंतीला पाठ लावून तिच्यासमोरच्या आसनावर बसला.

"टिळा कुणाला लावणार दीदी?" घोषालदाने विचारलं. "तुम्हाला तर भाऊ नाही."

"नसला तर भिंतीला लावायचा. रीत आहे आपली."

"दीदी," बुबाई म्हणाला. "मी बसलोय ना."

दीदीने करंगळी चंदनात बुडवली आणि हात पुढे केला.

करंगळी त्याच्या कपाळाला थंडगार लागली. आणि भिंत लागेपर्यंत थांबली नाही.