बुजवलेली चौकट

“…आणि वार कुठला शोधलात, तर शुक्रवार! बाकीचे वार काय मेले होते?”

“ओरडू नकोस. पलीकडे गोदाबाई ऐकतेय.”

“ऐकू दे! पोटच्या पोराची वाट बुजवणारा बाप कसा असतो, ते तिलाही कळू दे.”

हसकेल मिस्त्रींनी पटाशी फडक्याने पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवली. दारापाशी भोकं बुजवायच्या ओल्या लांबीचा, जवसाच्या तेलाचा उग्र वास भरून राहिला होता. सोळा वर्षांची मिल्का चुलीजवळ बसून शब्बाथच्या, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसाच्या, सरबतासाठी भिजवलेल्या काळ्या मनुका कुस्करत होती आणि मान वर करायची तिची हिंमत होत नव्हती. आईबापांचं असं भांडण तिने जन्मात ऐकलं नव्हतं. कुजबुजत भांडणारी माणसं होती ती.

भांडण होतं एका पितळी नळीवरून. ठाण्याच्या चरईतल्या त्या बैठ्या चाळीत चार बिऱ्हाडं होती, त्यात मिस्त्रींचं, म्हणजे पेणकरांचं, घर ओळखायला पाटी लागत नसे. दाराच्या उजव्या चौकटीला खांद्याच्या उंचीवर बोटभर लांबीची नळी ठोकलेली होती. तिला म्हणायचं मेझुझा. तिच्यात चामड्याच्या गुंडाळीवर देवाची वचनं. बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, घरी येणारा-जाणारा तिला बोटं लावतो आणि ती बोटं ओठांना टेकवतो. घर सोडताना मागून येणारा भाडेकरू दुसऱ्या धर्माचा असेल, तर ती काढून बरोबर न्यायची, म्हणजे मागे तिची हेळसांड होत नाही. तेवढ्यापुरतं मिस्त्रींचं चुकलं नव्हतं. सोमवारी ते तिघं इस्राएलला निघणार होते. ट्रंका भरलेल्या होत्या, भांडी गोणपाटात शिवलेली होती.

“रविवारी सकाळी काढता आली असती,” सिप्पोराबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता, आणि तो जास्त भीतीदायक होता. “काढलीत ती काढलीत. वर भोकं बुजवलीत, घासलीत, पॉलिश मारलंत. नुसती खूण तरी ठेवायची होतीत! आज तो यायचा वार. हाताला काय लागणार त्याच्या?”

“तो यायचा नाही, सिप्पोरा. कुणी येत नाही.”

“दर शुक्रवारी येतो!”

हे मात्र खरं होतं.

रूबेन बेचाळीस साली पलटणीत गेला तेव्हा मिल्का आठ वर्षांची होती. नळीला हात पुरावा म्हणून तो तिला काखेत धरून उचलायचा आणि मुद्दाम मधेच सोडल्यासारखं करायचा, एवढंच तिला लख्ख आठवत होतं. त्याची तुकडी ब्रह्मदेशाच्या जंगलात शिरली आणि सरकारकडून एकच शब्द आला, बेपत्ता. लढाई संपली. गोरे गेले. चाळीतल्या पोरांची लग्नं झाली. रूबेन आला नाही आणि गेलाही नाही. बापाने सात दिवस जमिनीवर बसून दुःख पाळायचं म्हटलं की आई ताठ उभी राहायची. ‘जिवंत पोराचं सुतक धरता?’ सिनेगॉगमधली पुरुषमंडळी येऊन समजावून गेली. ‘बाई हट्टी आहे’ असं आपसांत म्हणाली. बाईने कधी रडायचं हे ठरवायला पुरुष नेहमीच तयार असतात. पोटात वाढवताना त्यातला एकही मदतीला आलेला नसतो.

मिल्का त्या एका शब्दाखाली वाढली. घरात मोठ्याने गाणं नव्हतं. तिला नवा फ्रॉक शिवला की आई आधी ट्रंकेतल्या रूबेनच्या सदऱ्याला ऊन दाखवायची. आणि शुक्रवारी तिन्हीसांजा झाल्या, आईने दिवा लावला, की चौकटीवर पितळेला नख लागल्यासारखा बारीक आवाज यायचा. टिक्. मग काही नाही. दार उघडलं तर ओटा मोकळा, समोर हौद, हौदावर वाळत घातलेली लुगडी. पहिल्यांदा मिल्का दोन दिवस तापाने फणफणली होती. पुढे सवय झाली. आई चौथं ताट मांडायची. बाप त्या वेळी मोठमोठ्याने प्रार्थना म्हणायचा.

“अहो, एक विचारू?” आईने पदराने हात पुसले. “तुम्हाला ऐकू येत होतं ना? इतकी वर्षं?”

मिस्त्रींनी पेटीचं झाकण लावलं.

“येत होतं,” ते म्हणाले. “म्हणून तर काढली. ती असेपर्यंत तू या घरातून हलणार नव्हतीस. युरोपात आपली माणसं लाखांनी मारली गेली, कुणी थारा दिला नाही, सिप्पोरा. आता आपल्याला एक देश ये म्हणतोय. या पोरीचं अख्खं आयुष्य पडलंय. मी एका मेलेल्या मुलापायी जिवंत मुलीला इथे कुजवू?”

मेलेला हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. आई चुलीकडे वळली आणि एवढंच म्हणाली, “दिवे लागायची वेळ झाली.”

डिसेंबरचे दिवस. अंधार भराभर उतरत होता. खाडीला ओहोटी लागली असावी, मिठागरांकडून खारट चिखलाचा वास वाऱ्याबरोबर येत होता. आईने आढ्याला टांगलेल्या काचेच्या पेल्यात पाणी घातलं, त्यावर तेल ओतलं, वात पेटवली आणि डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हटला. शब्बाथ लागला. आता शनिवारी तारे दिसेपर्यंत विस्तव नाही, काम नाही, खिळा ठोकणं नाही. मिस्त्रींनी मनुकांच्या सरबताचा पेला उचलला, प्रार्थना म्हटली. आज त्यांचा आवाज चढला नाही. तेही कान देऊन होते.

टिक् झालं नाही.

मिल्काच्या मनात आलं, संपलं. तिला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

मग चौकटीवरून काहीतरी सरकलं. लाकडावरून तळहात फिरवल्यावर येतो तसा कोरडा, सावकाश आवाज. खांद्याच्या उंचीवर थांबला. पुन्हा तिथेच फिरला. वर गेला, खाली आला. मग डाव्या चौकटीवर… मग दाराच्या फळीवर… आंधळा माणूस ओळखीच्या घरात भांडं शोधतो तसा. जागा चुकली असेल या भरवशावर शोधणारा तो हात होता.

“बाबा…” मिल्का पुटपुटली.

बापाने तिला हातानेच गप्प केलं.

आवाज थांबला. दाराच्या फटीतून वास आला, भिजून वाळलेल्या आणि पुन्हा भिजलेल्या खाकीचा, कुजलेल्या पानांचा. मग भिंतीवरून, दोन घरांच्या मधल्या कुडावरून, तो हात घासत पलीकडे गेला. आणि पलीकडून गोदाबाईचा आवाज आला.

“कोन हाय गो भायेर? सिप्पोराबाय, आमचे दाराला कोन चाचपतंय बघा ना! बोलत नाय, काय नाय…” तिची कडी खाली पडली. नंतर अगदी बारीक आवाजात, “गो बाय माझे, भायेर तर कोनच नाय…”

हात चाळीच्या शेवटच्या दारापर्यंत गेला. तिथल्या रिकाम्या खोलीच्या दारावरून फिरला. मग परत यायला लागला. प्रत्येक चौकटीपाशी थांबत होता. मिल्काला रडू फुटलं. भीतीने नव्हे. आपल्याच चाळीत दारोदार चाचपत फिरणारा भाऊ तिला सहन होईना.

आणि तेव्हा हसकेल मिस्त्री मोडले. रविवारीसुद्धा शिस्तीत केस विंचरणारा तो माणूस ताडकन उठला, त्याने दार सताड उघडलं.

“रूबेन! अरे इकडे! हेच घर, बाबा, हेच!”

ओटा रिकामा होता. हौदावर चांदणं पडलं होतं. डाव्या हाताला, गोदाबाईच्या भिंतीवर, घासत येणारा आवाज क्षणभर थबकला.

मिस्त्री आत धावले. पेटी उघडून त्यांनी हातोडा काढला, दातांत खिळे धरले, रुमालात गुंडाळलेली पितळी नळी हातात घेतली. शब्बाथला काडीसुद्धा न मोडणारा माणूस!

“खाली ठेवा तो हातोडा,” आई म्हणाली.

“अगं, तो जिवंत आहे! तुझंच खरं होतं. मेलेल्याला दार शोधावं लागतं का? मेलेलं माणूस भिंतीतून येईल. हा शोधतोय, चुकतोय. जिवंत माणूसच असा चुकतो!”

“शब्बाथ मोडून ठोकलेल्या खिळ्याला तो हात लावायचा नाही. ठेवा म्हणते ना.”

तिने पदर खोचला. उंबऱ्याच्या आत उभी राहिली आणि आपला उजवा हात उलटा करून, तळवा बाहेर, चौकटीवर टेकला, बरोबर खांद्याच्या उंचीवर, बुजवलेल्या भोकांवर. नळी नव्हती तर तिच्या जागी हात. बाईला कुणी शिकवलं नव्हतं ते. कुठल्या ग्रंथात असेल असंही वाटत नाही.

“ये रे,” ती म्हणाली. “इथे आहे.”

भिंतीवरचा आवाज सरकत जवळ आला. चौकटीपाशी थांबला. मिल्काने पाहिलं, आईच्या तळव्याची कातडी आत दबली, चार बोटं टेकावीत तशी. क्षणभरच. आढ्याला टांगलेल्या दिव्याची ज्योत आतल्या बाजूला कलली, कुणी जवळून गेल्यावर कलते तशी, आणि सरळ झाली.

“आला!” मिस्त्री हसायला लागले, रडायला लागले, दोन्ही एकदम. “मिल्का, त्या ट्रंका सोड. मी नाही जात कुठे. सोमवारचं सगळं रद्द. बघितलंस ना, दिवा कसा हलला? आला माझा रूबेन!”

आईने हात काढला नाही. ती बाहेरच्या अंधाराकडे बघत होती. ज्योत पुन्हा आत कलली. सरळ झाली. पुन्हा कलली. वारा नव्हता, हौदावरची लुगडी जागची हलत नव्हती. मिल्काच्या दंडाला गार, दमट असं काहीतरी चाटून गेलं. तिने मागे पाहिलं. चौथ्या ताटापाशी कुणी बसलेलं नव्हतं. पण खोलीत त्या तिघांना उभं राहायला पुरत होती तेवढी हवा आता पुरत नव्हती.

“मिल्का,” आई अगदी शांतपणे म्हणाली, “हंडा, घागर, तांब्या… घरात असेल तेवढं पाणी मोरीत ओत.”

मिल्काचा हात हंड्याच्या काठावरच राहिला. घरातलं माणूस गेलं की भरलेलं पाणी ओतून टाकायचं, ही त्यांच्याकडची चाल. आणि हे सांगत कोण होतं, तर त्या घरात आठ वर्षं कुणाला ‘गेला’ म्हणू न देणारी तिची आई.

“ओत म्हणते ना, बाळ.”

मिल्काने हंडा कलता केला. पाण्याचा धो धो आवाज झाला तसे मिस्त्री भानावर आले. त्यांनी येऊन तिचं मनगट धरलं.

“वेड लागलंय का तुम्हा मायलेकींना? इतकी वर्षं मी सुतक धरू म्हणत होतो तेव्हा अडवलंस. आता दारात आलाय, तुझ्या हाताला हात लावून घरात आलाय, आणि तू त्याचं पाणी ओततेस? सिप्पोरा, बोल काहीतरी! जिवंत आहे तो! तुझ्याच तोंडाने म्हण, जिवंत आहे!”

ज्योत कलली. सरळ झाली. कलली. या वेळी आईचा हात चौकटीवरून सावकाश खाली सरकला, मुलाला पुरेल इतक्या उंचीवर, आणि तिथे थांबला. काही क्षणांनी तिने तो पुन्हा वर नेला.

मग ती नवऱ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती बोलली, आणि त्यानंतर त्या घरात रूबेनवरून पुन्हा कधी भांडण झालं नाही.

“एकच हात असता, तर मीही तुमच्यासारखी आशा धरली असती हो, पण तुम्ही बोलत होतात तेवढ्यात या तळव्याला, कुठेच थारा न मिळालेल्यांचे, लहान-मोठे कितीतरी हात लागून गेले, सगळे त्याच्याइतकेच गार, आणि अजून पार हौदापर्यंत उभे आहेत… तेव्हा आता गप्प बसा, आणि पोरीला घेऊन जरा भिंतीला सरका, त्यांना आत यायला जागा द्या.”