पहिलीच प्लेट

टेम्पो आमच्या दारात थांबला. मागे हौद्यात गादी, गादीवर गोधडी पांघरून कुणीतरी निजलेलं, आणि शेजारी बसलेला एक उंच तरुण ड्रायव्हरला ओरडत होता, "हळू रं गड्या, धक्का लागंल!"

माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. "अहो, इथं कुठं आणलंय? दवाखाना पुढच्या चौकात हाय!"

त्यानं गोधडी उचलली. खाली गिअरबॉक्स होता!

"पेशंटच हाय," तो म्हणाला, "पन ऑपरेशन तुमच्याकडंच."

मी संयोगिता. माधवनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे. पूर्वी आबा गिरण्यांच्या मागांचे सुटे भाग करायचे. गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली आणि मिलिंग मशीनपुढं मी उभी राहिले. पोरीच्या मापावर भरवसा ठेवणारं गिऱ्हाईक मात्र मिळेना. पहिलं मिळालं ते हे. कडेगावचा वीरधवल, पुण्यातली मोटार कारखान्यातली नोकरी सोडून ऊस लावायला परत आलेला.

त्याच्या फौजी चुलत्यांनी त्याला एक लाल स्पोर्ट्स कार दिली होती. साठ-बासष्ट सालची, दोन माणसांची, उघडी, साहेबी गाडी. तिचं इंजिन तडकलं होतं, आणि या बहाद्दरानं त्या जागी आजकालच्या गाडीचं इंजिन बसवायला घेतलं होतं.

"साठ वर्षांच्या गाडीत आत्ताचं इंजिन?" मी डोळे विस्फारले. "असलं कुठं असतंय व्हय!"

"चालती राह्यली म्हंजे झालं की." असं म्हणून तो माझ्याकडं... जरा जास्तच वेळ बघत राहिला.

अडचण एकच होती. जुन्या गिअरबॉक्सची भोकं आणि नव्या इंजिनाची भोकं एकमेकांसमोर येत नव्हती. दोघांच्या मध्ये ॲल्युमिनियमची जाड प्लेट हवी होती, एका अंगाला याची भोकं, दुसऱ्या अंगाला त्याची. गिअरबॉक्सची मापं मी तिथंच घेतली. इंजिन गाडीतच होतं, त्याची मापं तो कागदावर घेऊन आला होता.

आठ दिवसांत मी प्लेट दिली. त्यानंतर चौथ्या दिवशी तो प्लेट घेऊन पुन्हा दारात.

"बसंना झालीया वो."

मी प्लेट उजेडात धरली. "कुठं अडतीय?"

"इंजिनाच्या अंगाला... दोन भोकं. केसभरच."

मी दुसरी करायला घेतली. ती होईपर्यंत तो काही ना काही निमित्त काढून यायचा. कधी नवं माप, कधी शेतातल्या हरभऱ्याची जुडी. आला की स्टुलावर बसून राहायचा.

"माप घेताना जीभ बाहेर काढता तुमी."

"मग बघू नका."

"बघायलाच तर येतो..." — आणि घाईघाईनं — "म्हंजे, प्लेट!"

मी मान वर केली नाही. पण त्या दिवशी ड्रिलचा स्पीड बदलायला विसरले, हे खरं.

दुसरीही बसली नाही. तिसरीही नाही. तो समोर असला की बरं वाटायचं, आणि तो कशासाठी आलाय हे आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिसरी परत आली त्या शनिवारी आबा म्हणाले, "पोरी, माजी नजर गेली, तुजा हात चुकतोय. कुपवाडचा मानूस सोमवारी मशिनी बघायला येतोय. देऊन टाकू."

मला वाटलं, पायाखालची फरशीच गेली. त्या मशीनशिवाय मी कोण होते?

रविवारी कुणाला न सांगता मी स्कूटरवरून कडेगाव गाठलं. ते इंजिन मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. वीरधवलच्या घरामागच्या शेडपाशी पोचले आणि थबकले. आतून आवाज येत होता... एकसारखा, मऊ, कुठंही न अडखळणारा.

लाल गाडी चालू होती!

बॉनेट उघडं होतं. मी वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये माझी प्लेट. मी प्रत्येक प्लेटच्या कडेला आकडा ठोकते. तिथं एक हा आकडा होता.

वीरधवल मागून आला आणि जागीच खिळला. त्यानं गाडी बंद केली.

"ही... पहिली हाय," मी म्हणाले.

"व्हय."

"कवापासून?"

"तुमी दिली त्याच दिवशी बसली. केसाचाबी फरक न्हवता. तुमच्याकडं नुसती दाखवायला काढून आनली, मागारी नेऊन परत बसीवली." त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "परत यायला कारन पायजे हुतं... दुसरं काय सुचंना."

दुसरी कुणी लाजली असती. मला तिथला पाना फेकून मारावासा वाटला.

"उद्या आमच्या मशिनी विकायच्यात, वीरधवल."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "का? तुमचा हात चुकतोय असं कोन म्हनलं?"

"तुमी. तीनदा."

त्यानं गाडीचं दार उघडून धरलं. "बसा, आबांस्नी सांगतो." पलूसच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या मागं टाकत गाडी अशी काही सुटली, की रागातसुद्धा माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. त्याचाही मला रागच आला.

वर्कशॉपमध्ये तो आबांपुढं उभा राहिला. "आवं आबा, प्लेट पयल्याच दिवशी बसली हुती. हिचं माप कवाच चुकलं न्हाई. मी खोटं बोललो."

"का?"

त्याचे कान लाल झाले. "तुमच्या पोरीला बघायला यायचं हुतं."

लेथवरचा धुळामामा भिंतीकडं तोंड करून हसायला लागला. आबा मात्र हसले नाहीत. चाचपडत गाडीपाशी आले, इंजिन चालू करायला लावलं, आणि फडकं धरून गिअरबॉक्सवर तळहात टेकवला. कितीतरी वेळ ते तसेच उभे होते. थरथर नव्हतीच, तर सापडणार कुठून? त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून फोन काढून मला दिला. "कुपवाडला सांग, येऊ नगा. मशिनी माज्या पोरीच्या हायेत." मग आत जाता जाता म्हणाले, "आन ह्याचं काय करायचं ते तूच ठरीव."

मामाही त्यांच्यामागं गेला. आम्ही दोघंच राहिलो.

"मला आवडतोस तू," मी म्हणाले. तो पुढं सरकला. "थांब! माझ्या स्वयंपाकाबद्दल खोटं बोल, दिसण्याबद्दल बोल, चालंल. माझ्या मापाला पुन्हा खोटं म्हणालास तर..."

"न्हाई म्हननार," तो हळूच म्हणाला. "कवाच न्हाई." मग, "उद्या येऊ?"

"कशाला?"

त्यानं तोंड उघडलं, काहीतरी शोधलं, आणि पुन्हा मिटलं.

"तुला बघायला," तो म्हणाला.

"ये," मी म्हणाले.