पायथ्याची अकरा भोकं

सरका जरा आत, वारा त्या बाजूनं येतोय. लाईट यायला अजून तासभर तरी आहे, आणि अंधारात मोबाइल चिवडत बसण्यापेक्षा एक गोष्ट ऐका. मनानं रचलेली नाही. ज्याच्या बाबतीत घडली, तो बारा वर्षं माझ्याबरोबर एकाच परांचीवर उभा राहून काम करायचा. आणि हसऱ्या, तुला मुद्दाम ऐकवतोय. आज दुपारी मागच्या भिंतीची खालची भोकं वाईट दिसतात म्हणून तूच बुजवायला निघाला होतास ना? मी हात धरला म्हणून थांबलास. मनातून शिव्या घातल्या असशील, घाल. पण आधी ऐक.

त्याला आम्ही आरसा म्हणायचो. गिलाव्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची भिंत सुकली की तिच्यासमोर उभं राहून भांग पाडावा, असं लोक म्हणायचे, आणि लोक काय म्हणतात ते त्याला चांगलं ठाऊक असायचं. एकदा एका घरमालकाच्या सासूबाईंनी ओल्या भिंतीला बोट लावून पाहिलं, तर हा पठ्ठ्या दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मेलेल्या माणसाचं सुतक पाळावं तसं त्या बोटाचं पाळलं त्यानं.

त्याचा थोरला भाऊ गवंडी. एका आईची दोन मुलं, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. थोरल्याचं काम बळकट, दिसायला मात्र यथातथाच. प्लास्टर तर त्याला जन्मात जमलं नाही. स्वतःच हसायचा, म्हणायचा, "मी भिंत उभी करतो, हा तिला पावडर लावतो."

थोरल्यानं वस्तीच्या टोकाला स्वतःचं घर बांधलं. मागे उघडा माळ, त्यामुळे पावसाचा सगळा मार मागच्या भिंतीवर. म्हणून तिथे त्यानं दुहेरी भिंत घातली. बाहेर एक, आत एक, मध्ये दोन बोटांची फट. बाहेरच्या विटांतून झिरपेल ते पाणी फटीतून खाली उतरायचं आणि पायथ्याच्या भोकांतून बाहेर पडायचं. तेल लावलेल्या सळया विटांच्या सांध्यात ठेवायच्या, मसाला धरला की ओढून काढायच्या, झालं भोक. दर तिसऱ्या विटेला एक, अशी अकरा. पाणी आत येणारच, ते काही आपल्या हातात नाही. त्याला बाहेर जायला वाट ठेवायची, एवढंच आपलं काम.

बाहेरचा गिलावा अर्थातच आरशाकडे. ती भोकं बघून त्याचं डोकं उठलं. उंदरांची बिळं म्हणाला. थोरला दुसऱ्या कामावर गेला होता तेव्हा एका दुपारी यानं अकराच्या अकरा बुजवली, आणि वरून असा हात फिरवला की ज्यानं केली त्यालाही सापडू नयेत.

संध्याकाळी थोरला परत आला. पायथ्याशी वाकून भिंतीवरून हात फिरवला.

"हाताला सफाई आहे तुझ्या. तेवढी डोक्याला असती तर बरं झालं असतं. उद्या उघड ती."

"उघडतो, दादा."

आता आपल्या धंद्यातला 'उद्या' कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. एक काम संपलं, दुसरं लागलं. तेवढ्यात थोरल्यानं छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं. त्याची खाट त्याच भिंतीला लागून. पहिल्या पावसाळ्यात आतली भिंत घोट्याएवढी काळी पडली. दुसऱ्या पावसाळ्यात ओल खाटेच्या वर चढली, पोपडे उशीवर पडायला लागले. थोरला पडल्या पडल्या विचारायचा, "ती भोकं उघडलीस ना रे?"

आणि हा सांगायचा, "केव्हाच उघडली, दादा."

उठून चार पावलं मागे जाऊन बघायची ज्याच्यात ताकद नाही, अशा सख्ख्या भावाला! एकदा नाही, दर भेटीत. उघडायचं राहून गेलंय हे सांगायची लाज वाटत होती म्हणे. आणि एकदा खोटं सांगितल्यावर मग छिन्नी घेऊन जायचं तरी कोणत्या तोंडानं? घरात सगळ्यांना आवाज गेला असता. मला हे ऐकून त्याचा राग आला होता, अजूनही येतो.

थोरला गेला. त्याला आठ वर्षांची एकच मुलगी. ती बाबांच्या खाटेवर झोपायला लागली. दुसऱ्या खोलीत नेली तर रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही तिचा, उठून परत तिथेच. थंडी सुरू झाली आणि तीही खोकायला लागली. अगदी बापासारखी.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. पाऊस थांबून महिना उलटून गेला होता. रात्री सव्वानऊला वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, पोरीला धड श्वास घेता येत नाहीये. डॉक्टरांनी औषध दिलंय, म्हणाले रात्र काढा, सकाळी घेऊन या. भिंतीला हात लावला तर बर्फ नुसता. ती भोकं... तुम्ही उघडली होती ना?"

"आलोच, वहिनी."

हातोडी, छिन्नी, टॉर्च घेतली आणि गाडीला किक मारली. रस्त्यात त्याचा हिशेब साधा होता. अकरा भोकं, अर्ध्या तासाचं काम. साचलेलं पाणी निघून जाईल, भिंत हळूहळू सुकेल, पोरगी उठून बसेल. कुणाला काही कळायलाही नको. त्या पोरीवर त्याचा फार जीव होता, हे मी शपथेवर सांगतो. स्वतःला मूल नव्हतं त्याला.

आधी तो खोलीत डोकावला. वहिनी खाटेवर बसून मुलीला छातीशी धरून होती. मुलीचा एक कान भिंतीला टेकलेला.

"काका."

"काय गं राणी?"

"बाबा विचारतायत. भोकं उघडलीस का म्हणून."

वहिनी खालच्या आवाजात म्हणाली, "दोन दिवस हेच चाललंय भाऊजी. तापात बरळते."

त्यानं मान हलवली. दुसरं काय करणार? मागे गेला. वहिनीला म्हणाला, जरा पाहून येतो.

मागे गुडघाभर वाळकं गवत. वारा नाही, चांदणं नाही. त्यानं कोपऱ्यापासून वीत मोजत जागा काढली आणि छिन्नी लावली. आतून खोकला ऐकू येत होता. पहिलं भोक मोकळं झालं. पाणी भसकन येईल म्हणून तो बाजूला झाला... एक थेंब आला नाही. टॉर्चच्या उजेडात त्याला दिसलं, फोडलेल्या गिलाव्याची धूळ भोकातून आत ओढली जात होती. हळू. मग थांबायची. मग पुन्हा आत.

आतला खोकला थोडा हलका झाला.

त्याच्या जिवात जीव आला. दुसरं फोडलं. तिसरं फोडलं. दर भोकाबरोबर खोकला कमी. चौथ्याच्या वेळी टॉर्च नीट ठेवायला तो मागे वळला, आणि उजेड पहिल्या भोकावर पडला.

तिथे भोक नव्हतं.

गुळगुळीत. बोट लावलं तर ओलं. आणि ती सफाई... कुणाची आहे हे त्याला सांगायला लागणार होतं का? जगात तसा हात एकच होता. त्याचा स्वतःचा.

आत पोरगी पुन्हा खोकायला लागली.

आपण जागा चुकलो, असं त्यानं मनाला सांगितलं. पुन्हा फोडलं. खोकला थांबला. तेवढ्यात तिसरं बुजलं. धावत तिसऱ्याकडे. मागे दुसरं बुजलं. आता त्याला आवाजही यायला लागला. भिंतीच्या आतून. फटीतून.

सर्र...

सर्र...

गिलाव्याची थापी फिरतेय. निवांत. घाई नसलेल्या माणसाची.

फट दोन बोटांची, पोरांनो. दोन बोटांची.

तो इकडून तिकडे पळत राहिला. अकरा भोकं, एक माणूस. एक उघडलं की दोन बंद. हातोडी कुठे पडली कळलं नाही. नुसत्या छिन्नीनं, मग नखांनी. किती वेळ गेला? त्यालाही माहीत नाही. शेवटी एक भोक उघडं सापडलं, तर त्यानं त्यात दोन बोटं घातली आणि तसाच गुडघ्यावर बसला. निदान हे एक तरी. सकाळपर्यंत असाच बसेन, म्हणाला. एवढं एक राहू दे.

बोटांना आतून गार हवा लागत होती. आत... थांबायची... आत.

मग काहीतरी त्याच्या बोटांवरून फिरलं.

गार. ओलं. सपाट.

सर्र...

टोकापासून मुळापर्यंत. नीट. कड चेपून.

"दादा?"

थापी फिरतच राहिली.

"दादा, तू आहेस ना?"

...

पण दादाला प्लास्टर येत नव्हतं. हे त्याला तेव्हा आठवलं. बोटांवरून फिरणारा हात दादाचा असूच शकत नव्हता. दादा होता तो पलीकडे, मुलीच्या कानाशी. दोन दिवस तिच्या तोंडून सांगत होता, विचारत होता. हा फटीतला हात दुसऱ्याचा होता. ज्या हातानं त्या दुपारी काम सुरू केलं होतं, त्याचा. ते काम अजून चालूच होतं.

तो ओरडला. "उघडली नव्हती, दादा! खोटं बोललो. दर वेळी खोटं बोललो. तिला... तिला काही होऊ देऊ नकोस."

थापी थांबली.

खोकलाही थांबला.

तो मला म्हणाला, त्या क्षणाला मला इतकं बरं वाटलं की मी रडलो. वाटलं, कबूल केलं, सुटलो. पोरीला झोप लागली. बोटं मोकळी झाली होती. त्यानं भिंतीला कपाळ टेकलं आणि ऐकत राहिला.

काहीच ऐकू येत नव्हतं.

काहीच.

मग वहिनीनं मुलीला हाक मारली. साधीच, झोपेतून उठवतात तशी. मग पुन्हा. मग जरा मोठ्यानं...

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यानंतर त्यानं थापी हातात धरली नाही. एका गोदामावर राखणदार आहे, दिवसपाळीचा. मला हे सगळं त्यानं एकदाच सांगितलं आणि मीही पुन्हा विचारलं नाही. कबूल केल्यानं सुटका होते असं म्हणतात ना? कधी कधी नुसता उशीर झालेला असतो.

तेराव्या दिवशी वहिनीनं आम्हाला बोलावलं. म्हणाली, ती भिंत पाडा, मला बघवत नाही. आम्ही चौघं गेलो. बाहेरून गिलावा अखंड होता, कुठे छिन्नीचा ओरखडाही नाही. बाहेरची भिंत विटेविटेनं उतरवली. फटीत पाणी नव्हतं. तळाला कोरडी माती, फुंकर मारली तर उडेल अशी.

पण आतल्या भिंतीला, फटीच्या बाजूनं, गिलावा केलेला होता. जिथे माणसाचा पंजासुद्धा शिरत नाही, तिथे. सगळीकडे नाही. पलीकडे मुलीची खाट जिथून जिथपर्यंत होती, बरोबर तेवढ्याच लांबीत. आरशासारखा.

मी बोट लावून पाहिलं. ओला होता.