बत्तिसावे पाकीट

कडूबाची खाट रिकामी झाली होती. चादर बदलली, तरी उशीवरचा खळगा तसाच होता.

पाचोडला शव नेणारी गाडी खाली थांबली होती. त्याची बायको सरूबाई मात्र दारातून हलेना.

"म्याडम, एकच इचारते. धन्याला सातच दिवस दवा निघाली. ती चिठ्ठी खरी व्हती ना?"

डॉ. पद्मजाने नोंदवही मिटली. औरंगाबादच्या त्या रुग्णालयात रक्तात जंतू शिरलेल्या रुग्णांवर चाचणी चालू होती: औषध सात दिवस पुरे, की चौदा हवेत? ते डॉक्टरने ठरवायचे नव्हते. बंद पाकिटातले कार्ड ठरवी. नोंदी तपासायच्या पद्मजाने. उपचार तिचे गुरू डॉ. वैजनाथ यांच्या हाती. कडूबाबरोबरच दाखल झालेले तिचे वडील दत्तोपंत चौदा दिवस पुरे करून कालच घरी गेले होते. कडूबाचा ताप दहाव्या दिवशी उसळला. पुन्हा सुरू केलेले औषध त्याला वाचवू शकले नाही.

"पाकीट तुमच्यासमोर फोडलं?"

"नाय. नाव माझ्यासमोर लिवलं, लई दाबून. मंग सायेब आत गेले. चिठ्ठीत निघंल त्ये कबूल म्हणून म्या अंगठा दिला व्हता."

पद्मजा कारकून बद्रीनाथकडे गेली.

"पाकिटं कोण फोडतं?"

"फक्त वैजनाथ साहेब. आधी वर नाव लिहायचं, मग फोडायचं. पाकीट नि कार्ड टाचून माझ्याकडे."

"आतला हा काळा कागद?"

"पूर्वी नुसता उजेड अडवायला असायचा. या खेपेपासून कार्बन आहे, ताई. वरचं नाव कार्डाच्या पाठीवर उमटतं. वरून तसं पत्र आलं होतं."

"सरांना सांगितलंत?"

"तेव्हा ते रजेवर होते. नंतर विसरलो. आमच्या डोक्यात कार्बन नाही ना, काही उमटतच नाही."

ती हसली नाही. बत्तीस क्रमांकाच्या पाकिटावर नाव होते कडूबाचे; कार्ड सात दिवसांचे. तिने टाचणी काढून कार्ड उलटले. मग एकतिसावे, वडिलांचे. खिडकीतले ऊन एकाएकी परके झाले.

"ये, पद्मजा. बाबा जेवतात ना नीट?" ती खोलीत शिरताच वैजनाथांनी मान वर केली.

तिने दोन्ही कार्डे पालथी ठेवली.

"कडूबाच्या कार्डामागे बाबांचं नाव आहे, सर. बाबांच्या कार्डामागे कडूबाचं. बाबांचं पाकीट आधी फोडलंत, सात निघाले. ते कार्ड दडवलंत. तासाभराने कडूबाच्या पाकिटात चौदा निघाले, तेव्हा दोन्ही बदललीत. टाचण्यात चूक झाली असती, तर औषध तरी नीट गेलं असतं. तेही उलटंच गेलं."

वैजनाथांनी चष्मा काढला. "तुझ्यासाठी केलं, पोरी."

"चौदाच बरे, अशी खात्री होती?"

"होती."

"मग सरूबाईचा अंगठा कसा घेतलात?"

ज्या हाताने त्यांनी तिला नाडी बघायला शिकवली, तो हात टेबलावर निमूट पडून होता.

"कडूबा सात दिवसांमुळेच गेला, असंही म्हणता येत नाही, सर. तेच तर शोधत होतो आपण."

कार्डे उचलून ती जिना उतरली.

"सरूबाई, तुमच्या धन्याची चिठ्ठी चौदाची होती. बदलली."

"मंग सातची कुणाची?"

"माझ्या वडिलांची."

सरूबाईने पदर घट्ट धरला.

"जगले का त्ये?"

"हो."

सरूबाई गाडीत चढली. दार लागेपर्यंत तिने पद्मजाकडे पाहिले नाही.