नाव न घेता

उबोनच्या रेल्वेमार्गावरचं आमचं बान नोंगसिम स्टेशन बंद व्हायला आलं होतं. शनिवारची पर्यटक गाडी इथे थांबत राहिली तरच ते वाचणार होतं, आणि गावाने हा सगळा कारभार माझ्या गळ्यात घातला. फलाटावर आम्ही रेशमाचा माग मांडला, चिकट भात आणि पपईचं सलाड ठेवलं. पाहुण्यांना आवडलं ते मात्र ख्वान बोलावणं.

माणूस दचकला, आजारी पडला किंवा लांबून आला की त्याचा ख्वान, म्हणजे त्याच्यातला जीवात्मा, वाटेतच कुठेतरी रेंगाळतो. त्याला नावानिशी हाक मारायची, मनगटाला पांढरा दोरा बांधून जागेवर बसवायचं आणि पानाफुलांच्या मनोऱ्यातलं उकडलेलं अंडं त्या माणसाला खायला द्यायचं. हे काम गावातल्या म्हाताऱ्या लुंग खामपनांचं; लुंग म्हणजे काका. पण गाडी जेमतेम थांबणार, त्यात परदेशी नावं म्हाताऱ्याच्या जिभेवर बसेनात. मी नावंच काढून टाकली.

"मग बोलावू कुणाला?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनाच बोलवा की, लुंग. 'ये ख्वान, ये' एवढं पुरे."

"वाटेवर ज्याला कुणीच बोलावत नाही, तेही ऐकतं, पोरी."

म्हातारा भाव खातोय, असं मला वाटलं.

पहिल्याच शनिवारी, गाडी गेल्यावर, मी मनोऱ्यातलं अंडं सोललं. कवच शाबूत होतं, आत काहीच नव्हतं. पुढच्या वेळी आमच्याच कोंबडीचं ठेवलं, तेही तसंच निघालं. मग एकदा दोरे बांधताना एक मनगट हाताला लागलं, भिजलेल्या लाकडासारखं गार. मान वर करून पाहिलं, तर समोरच्या पाहुण्या बाईने अजून हात पुढे केलाच नव्हता.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? त्याला परत पाठवा, म्हणून लुंगच्या मागे लागले.

"नाव घेतल्याशिवाय पाठवता येत नाही," ते म्हणाले. "आणि त्याला नावच नाही. आता ते नाव शोधत बसणार."

पण पुढच्याच शनिवारी थांब्याचा निकाल द्यायला रेल्वेचे साहेब येणार होते. एवढा एकच दिवस, असं मी स्वतःला समजावलं. लुंग आले नाहीत. त्यांच्या जागी मीच बसले आणि मीच हाक मारली.

माझी मुलगी कोप शाळेच्या गणवेशात नाचली. कोप म्हणजे बेडूक. लेकरांवर भलत्याची नजर पडू नये म्हणून आम्ही त्यांना असंच काहीबाही म्हणतो. खरं नाव फक्त गणवेशाच्या खिशावर दोऱ्याने भरलेलं असतं, घरात ते कुणी उच्चारत नाही.

साहेब खूश झाले. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "थांबा पक्का समजा. आणि तुमच्या शेजारी बसल्या होत्या त्या आजी फार गोड हो. वाचता येत नाही म्हणाल्या, मुलीचं नाव विचारत होत्या. मी खिशावरचं वाचून सांगितलं."

माझ्या शेजारी कुणीही बसलं नव्हतं.

कोप फलाटाच्या टोकाला पाठमोरी बसली होती. मनोऱ्यातलं अंडं खात होती. आत पिवळा बलक भरलेला होता.

"कोप."

तिने वळून पाहिलं नाही.

"कोप, घरी चल."

रुळांवरून वारा आला. ती खातच राहिली.

शेवटी मी तिला खऱ्या नावाने हाक मारली. "सुथासिनी."

तिने सावकाश मान वळवली, दोरा बांधलेल्या हाताने तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"माझं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"